खाल्ल्या मिठाचा जमाखर्च

आपल्या भाषेने देहाच्या अवयवांना मानपान वाटताना मूत्रपिंडांना पंक्तीतच बसवले नाही. काळीज फाटते, छाती दडपते, पोटात कालवते, डोके फिरते, पित्त खवळते. माया आतड्याची असते आणि हिमतीला छातीचे माप लावतात. पण चोवीस तास अखंड राबणाऱ्या या दोन अवयवांच्या नावे मराठीत एखादी म्हण वा वाक्प्रचार काही केल्या मला आठवत नाही. पंडितांनीही त्यांना फारसा न्याय दिलेला नाही. चरकसंहितेत वृक्कांना, म्हणजे मूत्रपिंडांना, मेदोवह (मेद वाहणाऱ्या) स्रोतसांचे मूळ मानले आहे आणि मूत्रवह स्रोतसांचे मूळ म्हणून बस्ती (मूत्राशय) व वंक्षण (जांघ) यांची नावे येतात. म्हणजे ज्या कामावरून आज शाळकरी मुलगाही मूत्रपिंडे ओळखतो ते कामसुद्धा त्यांच्या खाती जमा नव्हते. पुढे आधुनिक शरीरशास्त्राने ते त्यांच्या खाती घातले, परंतु तेवढ्यावरच आपण थांबलो, आणि घरोघर अशी समजूत रुजली की मूत्रपिंड म्हणजे शरीराची मोरी, सांडपाणी वाहून नेले की तिचे काम संपले.

याच्या उलट रक्तदाबाचे. ‘बीपी वाढले’ असे कोणी म्हणाले की ऐकणाऱ्याचा हात आपोआप छातीकडे जातो आणि जीभ त्या माणसाच्या स्वभावाकडे वळते. त्याला राग फार, तिला मुलीच्या लग्नाची काळजी, याच्या कचेरीत साहेब वाईट, अशी कारणे आपण लगेच पुरवतो. रागाने आणि भीतीने रक्तदाब चढतो यात खोटे काहीच नाही. परीक्षेच्या दालनाबाहेर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचा दाब मोजला तर तो चढलेलाच सापडेल. परंतु परीक्षा संपते, राग निवतो, आणि दाब आपल्या मूळ पातळीवर येतो. खरा प्रश्न आहे तो या मूळ पातळीचा. ती एकाच्या देही आयुष्यभर ११० वर आणि दुसऱ्याच्या देही १६० वर का ठरावी, आणि कोणी ठरवावी? माझे म्हणणे असे की हा निर्णय हृदयाच्या दरबारात होत नाही. तो मूत्रपिंडांच्या दप्तरात होतो, आणि ज्या हिशेबावरून होतो तो हिशेब मिठाचा असतो. हृदय हा पाणी उपसणारा निष्ठावंत चाकर आहे. विहिरीत पाणी किती असावे हे ठरवण्याचा अखत्यार त्याच्याकडे नाही.

हे म्हणणे सिद्ध करायचे तर आधी या दप्तराचा पसारा पाहिला पाहिजे. दोन्ही मूत्रपिंडे मिळून वजन सुमारे ३०० ग्रॅम, म्हणजे देहाच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी; परंतु हृदय दर मिनिटाला जे पाच लिटर रक्त बाहेर टाकते त्यातला पाचवा हिस्सा, किंबहुना त्याहून थोडा अधिक, या एवढ्याशा अवयवांकडे जातो. प्रत्येक मूत्रपिंडात नेफ्रॉन नावाच्या सुमारे दहा लक्ष सूक्ष्म नलिका आहेत, आणि प्रत्येक नलिकेच्या मुखाशी केशवाहिन्यांचा एक गुंता आहे. हे गुंते इटलीच्या मालपीगीने १६६६ साली पाहून ठेवले होते. पण त्यांतून रक्ताच्याच दाबाने पाणी गाळले जाते ही कल्पना कार्ल लुडविग याने मांडायला १८४२ साल उजाडले. या गुंत्यांतून दिवसाकाठी १८० लिटर द्रव गाळला जातो. आपल्या अंगातला रक्तद्रव अवघा तीन लिटर. म्हणजे तो सबंधच्या सबंध दिवसातून साठ वेळा गाळणीतून जातो. त्याच्याबरोबर गाळले जाणारे मीठ तोलून पाहिले तर ते जवळजवळ दीड किलो भरेल. आणि या सगळ्यातून आपण बाहेर टाकतो ते दीड लिटर मूत्र आणि काही ग्रॅम मीठ. उरलेले शंभरातले नव्व्याण्णव हिस्से त्याच नलिकांतून पुन्हा रक्तात परत घेतले जातात.

प्रथमदर्शनी हा कारभार विलक्षण उधळा वाटतो. दीड लिटर टाकायचे तर १८० लिटर गाळायचे कशाला? जी वस्तू नको ती वेचून बाहेर काढावी आणि बाकीच्याला हातच लावू नये, असे कोणताही काटकसरी माणूस म्हणेल. परंतु जरा विचार केला की या उधळेपणातले शहाणपण उमगू लागते. नको असलेली वस्तू वेचून काढायची तर ती ओळखता आली पाहिजे. आणि सृष्टीत, त्यातून माणसाच्या ताटात, नको असलेल्या वस्तूंची गणती नाही. उद्या एखादे नवे विष, नवे औषध, नव्या पाल्याचा रस पोटात गेला तर त्याची ओळख मूत्रपिंडाने कोठून आणायची? म्हणून ते उलट रीतीने चालते. सगळे घर अंगणात काढायचे आणि जे आपले आहे तेवढेच आत न्यायचे. आपल्या वस्तूंची यादी लहान आणि ठरलेली आहे: सोडियम, पोटॅशियम, साखर, काही आम्ले, पाणी. जे यादीत नाही ते अंगणातच राहते. न्यू यॉर्कच्या होमर स्मिथ या शास्त्रज्ञाने आयुष्य या अवयवाच्या अभ्यासात घालवले, आणि त्याच्या प्रतिपादनाचा मथितार्थ असा की आपले रक्त कसे असावे हे तोंडाने काय खाल्ले यावरून ठरत नाही, मूत्रपिंडांनी काय ठेवून घेतले यावरून ठरते. मोरीच्या उपमेला माझी हरकत आहे ती नेमकी यासाठी. मोरी निवड करीत नाही. मूत्रपिंडाचे सगळे काम निवडीचे आहे, आणि ज्याला निवडीचा अधिकार असतो त्याला कारभारी म्हणतात.

ही निवड दोन वेगळ्या बाबींची आहे, आणि त्या दोहोंची गल्लत झाली की रक्तदाबाचे सगळे शास्त्र गढूळ होते. पहिली बाब पाण्याची, दुसरी मिठाची. सामान्य माणसाला वाटते की अंगात पाणी किती आहे हे किती पाणी प्यालो यावरून ठरत असेल. तसे नाही. एका दमात दोन तांबे पाणी प्यालेला निरोगी माणूस दोन-तीन तासांत ते पाणी बाहेर टाकून मोकळा होतो आणि त्याच्या रक्तदाबाला त्याची दखलही नसते. कारण पाण्याचा पहारा रक्ताच्या खारटपणावर असतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशी रक्त शंभरात एक-दोन हिस्से जरी दाट झाले तरी ते ओळखतात, आणि पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागातून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक सोडतात. केंब्रिजच्या व्हर्नीने कुत्र्यांच्या मानेतील धमनीत खारे पाणी टोचून हा पहारा १९४७ साली उजेडात आणला. हे संप्रेरक मूत्रपिंडांच्या शेवटच्या नळ्यांत पाण्यासाठी दारे उघडते, पाणी परत घेतले जाते आणि मूत्र दाट होते. ते नसले की दारे मिटतात आणि मूत्र पाण्यासारखे वाहते. ज्यांच्या शरीरात ते मुळी तयारच होत नाही असे दुर्दैवी रोगी दिवसाला दहा-पंधरा लिटर मूत्र टाकतात आणि रात्री उशाशी घागर ठेवून झोपतात. पाण्याची बाब एवढीच, आणि ती काही तासांत निकाली निघणारी.

मिठाची बाब मात्र दिवसांची, आठवड्यांची, आयुष्याची. पेशींच्या बाहेर जे पाणी खेळते, ज्यात रक्तद्रवही आला, ते अंगी धरून ठेवतो तो सोडियम. एक लिटर असे पाणी धरायला नऊ ग्रॅम मीठ लागते. याचा अर्थ गणितासारखा सरळ आहे: नऊ ग्रॅम मीठ अंगात जादा राहिले की खारटपणाचा पहारेकरी तहान लावतो, व्हॅसोप्रेसिन सोडतो, आणि एक लिटर पाणी त्या मिठाच्या सोबतीला ठेवून घेतो. पाणी मिठाच्या मागे येते, मीठ पाण्याच्या मागे येत नाही. अंगात रक्त किती असावे हे ठरवणारी सत्ता म्हणून मिठाच्या हाती आहे.

याचा सर्वांत करुण आणि सर्वांत उज्ज्वल पुरावा आपल्याच देशात मिळाला आहे. १९७१ साली पूर्व बंगालमधून लोटलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने माणसे पटापट मरत होती. त्यांच्या अंगातले पाणी सरत होते आणि त्याबरोबर मीठही. अशा माणसाला नुसते पाणी पाजले तर ते अंगी टिकत नाही. शिरेतून देण्याचे द्रव संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महलनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांची पुडी पाण्यात कालवून ती रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिली. आतड्यात साखरेच्या जोडीने सोडियम आत शिरतो आणि त्याच्या मागे पाणी शिरते, एवढेच त्यामागचे रहस्य. त्या छावणीतला मृत्यूचा आकडा शेकडा तीसच्या आसपास होता तो चारच्या खाली आला. आमच्याकडे उन्हातून आलेल्या माणसापुढे ताकात मीठ घालून ठेवण्याची जी पद्धत आहे तिच्यात हेच शहाणपण अनुभवाने मुरलेले आहे.

आता असा प्रश्न येतो की मीठ कमी पडले हे मूत्रपिंडांना कळते कसे, आणि कळल्यावर ते करतात काय. या प्रश्नाचे उत्तर सापडण्याची कथा शास्त्राच्या इतिहासातल्या विस्मरणाची कथा आहे. १८९८ साली स्टॉकहोममध्ये रॉबर्ट टिगरस्टेट आणि त्याचा विद्यार्थी बर्गमान यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला आणि त्याचा रक्तदाब चढलेला पाहिला. अर्कातल्या त्या द्रव्याला त्यांनी रेनिन असे नाव दिले. त्यानंतर पस्तीसएक वर्षे या शोधाकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. मग १९३४ साली क्लीव्हलँडच्या हॅरी गोल्डब्लाटने कुत्र्याच्या मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या धमनीला चांदीचा चिमटा लावून ती अरुंद केली, आणि कुत्र्याचा रक्तदाब चढला तो चढलेलाच राहिला. त्या चिमट्यात जो अर्थ आहे त्यावर क्षणभर थांबले पाहिजे. कुत्र्याच्या देहात रक्त पुरेसे होते, हृदय धडधाकट होते. कमी झाले होते ते फक्त मूत्रपिंडाशी पोहोचणारे रक्त. परंतु मूत्रपिंडाला साऱ्या देहाची खबर आपल्या दारी येणाऱ्या रक्तावरूनच मिळते. दारी रक्त कमी आले, त्यावरून त्याने सबंध राज्यात दुष्काळ पडला असा निष्कर्ष काढला आणि दुष्काळाचे हुकूम सोडले. फडणिसाच्या पुढे खोटा ताळेबंद ठेवला तर फडणीस कितीही सचोटीचा असो, सारा वसूल चुकीचाच होणार.

ते हुकूम कोणत्या वाटेने जातात हे पुढच्या पंचवीस वर्षांत उलगडले. मूत्रपिंडातून सुटलेले रेनिन यकृताने रक्तात सोडलेल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडते; तो तुकडा फुप्फुसांतून जाताना आणखी छाटला जातो आणि अँजिओटेन्सिन नावाचे अत्यंत तेज द्रव्य तयार होते. (ब्वेनोस आयरेस आणि इंडियानापोलिस येथे दोन मंडळ्यांनी ते एकाच वेळी, एकमेकांच्या नकळत शोधून त्याला दोन नावे दिली होती, १९५८ साली दोघांनी आपापले अर्धे नाव सोडून आजचे नाव सिद्ध केले. शास्त्रातली भांडणे इतक्या सभ्यपणे मिटलेली पाहून मन प्रसन्न होते.) हे अँजिओटेन्सिन धमन्या आवळते, तहान लावते, व्हॅसोप्रेसिन सोडवते आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना अल्डोस्टेरॉन काढायला लावते. अल्डोस्टेरॉन हा मिठाचा शेवटचा अंमलदार. गाळलेल्या दीड किलो मिठातला बहुतेक सगळा भाग त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच परत घेतलेला असतो. त्याच्या अखत्यारात उरतात ते शेवटचे दोन टक्के. पण दीड किलोचे दोन टक्के म्हणजे तीस ग्रॅम, आणि तीस ग्रॅम म्हणजे तीन लिटरांहून अधिक पाणी! माणसाचा रक्तद्रव सगळा मिळून तेवढाच भरतो.

हा अंमलदार नसला तर काय होते याची एक हकीकत वैद्यकाच्या वाङ्मयात नोंदलेली आहे, आणि ती वाचल्यापासून मला विसरता आलेली नाही. १९४० साली बाल्टिमोरच्या विल्किन्स आणि रिक्टर यांनी साडेतीन वर्षांच्या एका मुलाची कहाणी प्रसिद्ध केली. हा मुलगा वर्षाचा असल्यापासून बिस्किटांवरचे मीठ चाटून खाई, मिठाशिवाय घासाला शिवत नसे, पुढे मिठाच्या भांड्यात बोट बुडवून नुसते मीठ खाऊ लागला, आणि त्याच्या पहिल्यावहिल्या शब्दांत मिठाचे नाव होते. तपासणीसाठी त्याला रुग्णालयात ठेवले. तेथे त्याला इतर मुलांसारखे ठरावीक अन्न मिळू लागले आणि सात दिवसांत तो गेला. शवविच्छेदनात त्याच्या अधिवृक्क ग्रंथींचा दोष उघड झाला. मूत्रपिंडे मीठ धरू शकत नव्हती, ते सतत गळत होते, आणि एवढेसे पोर आपल्या हाताने ती गळती भरून काढीत इतके दिवस जगले होते. ज्याला सगळ्यांनी लाडावलेपण समजावे ते त्याच्या देहाचे निकराचे शहाणपण होते. पुढे १९५३ साली सिंप्सन आणि टेट यांनी, टाडेउश राइखश्टाइन यांच्या सहकार्याने, अल्डोस्टेरॉन शुद्ध रूपात वेगळे केले. त्या मुलाला ते तेरा वर्षे उशिरा मिळाले.

येथवर जे सांगितले ते सगळे तुटवड्याच्या बंदोबस्ताचे आहे, आणि हेच माझ्या प्रतिपादनाचे मर्म आहे. या यंत्रणेचा प्रत्येक दात मीठ राखण्यासाठी घडवलेला आहे. मीठ टाकण्यासाठीही सोय आहे: हृदयाचे वरचे कप्पे ताणले गेले की त्यांतून मीठ बाहेर घालवणारे एक संप्रेरक सुटते, हे दी बोल्ड यांनी १९८१ साली दाखवले, परंतु राखणारी फौज आणि टाकणारी फौज यांचा सामना बरोबरीचा नाही. मीठ टाकण्याचे सर्वांत मोठे आणि शेवटचे हत्यार दुसरेच आहे, आणि त्याचे नाव रक्तदाब. दाब वाढला की मूत्रपिंडांतून मीठ आणि पाणी अधिक वाहते. तेवढे वाहून गेले की अंगातले रक्त उतरते आणि दाब मूळ पदावर येतो. निरोगी मूत्रपिंड दुप्पट-तिप्पट मीठ बाहेर टाकायला दाबाची फारशी वाढ मागत नाही. दुबळे झालेले, किंवा जन्मतःच मिठाला चिकट असलेले मूत्रपिंड मात्र तेवढ्याच कामासाठी मोठा दाब मागते आणि तो मिळेपर्यंत मीठ सोडत नाही. चढलेला रक्तदाब ही जमाखर्च जुळवण्यासाठी देहाने मोजलेली किंमत आहे, आणि ती किंमत मेंदूच्या नाजूक धमन्यांना, डोळ्यांच्या पडद्यांना आणि हृदयाच्या भिंतींना भरावी लागते.

हा सिद्धान्त मिसिसिपीच्या आर्थर गायटन यांनी आयुष्यभर लढवला. ज्यांचा पाठ्यग्रंथ १९५६ पासून आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी वाचला, तेच हे गायटन. त्यांच्यावर आक्षेप पुष्कळ घेतले गेले, आणि त्यांतला मुख्य आक्षेप सरळ आहे: धमन्या आवळल्या की दाब वाढतो, मग मूत्रपिंडांना मध्ये आणायचे कारण काय? उत्तरही तितकेच सरळ आहे. ज्या माणसाचे हातपाय कापावे लागले त्याच्या देहातल्या रक्ताच्या कितीतरी वाटा बंद झालेल्या असतात, वाहण्याला विरोध वाढलेला असतो. तरी एवढ्यावरून त्याचा दाब कायमचा चढत नाही. चढला तरी मूत्रपिंडे मीठपाणी टाकून तो उतरवतात. दाब चढून चढलेलाच राहायचा असेल तर मूत्रपिंडांची त्याला संमती लागते. मज्जासंस्थेचा पक्ष घेणारे म्हणतात की मूत्रपिंडांकडेही मज्जातंतू जातात आणि त्यांच्या चेतवण्याने रेनिन सुटते. हे मला मान्य आहे. किंबहुना त्यामुळे माझ्या पक्षाला बळच मिळते, कारण मग चिंतेला आणि रागालासुद्धा कायमचा दाब चढवायचा तर मूत्रपिंडांच्याच दारातून जावे लागते.

नुसत्या तर्काने ज्यांचे समाधान होत नाही त्यांच्यासाठी प्रत्यक्ष पुरावे आहेत. १९७० च्या दशकात उंदरांच्या दोन जातींत, एक चढ्या दाबाची आणि एक साध्या दाबाची, मूत्रपिंडांची अदलाबदल करण्यात आली. दाब मूत्रपिंडाबरोबर गेला. माणसांत असा प्रयोग कोणी करणार नाही, पण रोगाने तो घडवून आणला. चढ्या दाबापायी ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती अशा सहा रोग्यांना निरोगी दाबाच्या दात्यांची मूत्रपिंडे बसवली, आणि त्यांचा जुना, हट्टी रक्तदाब औषधांवाचून उतरला, उतरलेलाच राहिला. हा वृत्तान्त १९८३ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर येल विद्यापीठाच्या रिचर्ड लिफ्टन यांनी अशा दुर्मीळ कुटुंबांचा शोध घेतला की ज्यांत एकाच जनुकाच्या दोषाने रक्तदाब पिढीजात चढलेला किंवा उतरलेला असतो. जनुके निरनिराळी निघाली. परंतु जवळजवळ सगळ्यांचा व्यापार एकच, मूत्रपिंडांतून मीठ परत घेण्याचा.

आणखी एक साक्ष मुंबईची आहे. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली इंग्लंडमधल्या हृद्रोगाच्या नियतकालिकात सप्रयोग मांडले, आणि आपल्या रानातली ही वनस्पती जगभरच्या दवाखान्यांत पोहोचली. ती मज्जातंतूंवर काम करते. परंतु दाब उतरवणाऱ्या अशा औषधांबाबत वैद्यांना लवकरच एक विचित्र अनुभव येऊ लागला: औषध लागू पडते, दाब उतरतो, आणि काही काळाने तेच औषध चालू असताना दाब पुन्हा वर सरकतो. कारण मूत्रपिंडांच्या हिशेबी दाब उतरणे म्हणजे तूट येणे. ती भरून काढण्यासाठी मूत्रपिंडे मीठ धरू लागतात आणि औषधाचा गुण गिळून टाकतात. १९५८ च्या सुमारास थायझाइड जातीची मूत्रल औषधे आली आणि दोन्ही बरोबर दिली तेव्हा हा लपंडाव थांबला. आजही तीन तीन औषधांना दाद न देणाऱ्या रोग्यापुढे जाणता वैद्य पहिल्यांदा हेच पाहतो की त्या तिघांत एखादे मूत्रल औषध आहे की नाही.

ज्या तुटवड्यासाठी ही यंत्रणा घडली तो तुटवडा आता कोठे राहिला आहे? मीठ दुर्मीळ आणि महाग होते, राज्यकर्त्यांना त्यावर कर बसवण्याचा मोह होई, हा आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातला इतिहास. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याला आणि वडाळ्याला माणसांनी मूठभर मिठासाठी लाठ्या खाल्ल्या. तो तुटवडा पाहायचा तर ॲमेझॉनच्या अरण्यात जावे लागेल; तेथे राहणारे यानोमामी लोक मीठ जवळजवळ खातच नाहीत. १९८८ साली बत्तीस देशांत झालेल्या एका पाहणीत त्यांचा सरासरी दाब ९५ आणि ६१ च्या आसपास भरला, आणि आपल्याकडे ज्याला वयाचा धर्म म्हणून मुकाट्याने स्वीकारतात ती उतारवयातली दाबाची वाढ त्यांच्यात दिसली नाही. त्यांच्या रक्तात रेनिन आणि अल्डोस्टेरॉन भरपूर सापडते; यंत्र ज्या कामासाठी जन्मले तेच काम तेथे करीत आहे. आपल्याकडे मात्र जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली पाच ग्रॅमची मर्यादा ओलांडून माणसे आठ ते अकरा ग्रॅम मीठ रोज खातात, आणि त्यातले पुष्कळसे लोणचे, पापड, खारवलेल्या मिरच्या, फरसाण, वडापावाची चटणी अशा रूपांनी नकळत येते. खाल्ल्या मिठाला जागणे हा आपण मोठा गुण मानतो. मूत्रपिंडांइतके त्याला जागणारे दुसरे कोणी नाही, आणि तेच आज आपल्या जिवावर उठले आहे.

मिठाने सगळ्यांचाच दाब सारखा चढत नाही, म्हणून मिठाचा दोष नाही, असे म्हणणारे विद्वान आहेत. सारखा चढत नाही हे खरे, कारण सगळ्यांची मूत्रपिंडे सारखी नाहीत. मुद्दा तोच आहे. आणि आपले मूत्रपिंड कोणत्या जातीचे हे तरुणपणी कोणालाच कळत नाही. चीनमधल्या सहाशे खेड्यांत सुमारे एकवीस हजार माणसांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्ध्या खेड्यांना घरच्या मिठाऐवजी चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ दिले. पाच वर्षांत त्या खेड्यांत पक्षाघाताचे प्रमाण शेकडा चौदाने कमी भरले. शेगडीवरची भाजी तीच होती, घर तेच होते, काळज्याही त्याच होत्या. बदलली होती ती मिठाची बरणी. मात्र ज्यांची मूत्रपिंडे आधीच दुखावलेली आहेत त्यांना असले मीठ घातक ठरू शकते, कारण त्यांना पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. त्यांनी वैद्याला विचारल्याविना ते घेऊ नये. आणि वैशाखात उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या मजुराला कोणी अळणी जेवणाचा उपदेश करू नये. त्याच्या सदऱ्यावर उमटलेले पांढरे डाग हे त्याच्या अंगातून गेलेले मीठ आहे, आणि त्याला पाण्याची, सावलीची आणि विसाव्याची गरज आहे. हा उपदेश पंख्याखाली बसून जेवणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी आहे.

एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. १८२७ साली लंडनमध्ये रिचर्ड ब्राइट याने सुजलेल्या रोग्यांचे मूत्र तापवून पाहिले. चमचाभर मूत्र मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायचे; निरोगी माणसाचे असेल तर ते नितळ राहते, आणि काहींचे मात्र अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखे थिजते, कारण जे प्रथिन गाळणीने अडवायचे ते गाळणी फाटल्यामुळे मूत्रात उतरलेले असते. असे रोगी मेले की ब्राइटला त्यांची मूत्रपिंडे खरबरीत आणि आकसलेली आढळत, आणि पुष्कळांचे हृदय मोठे झालेले असे. रक्तदाब मोजण्याचा पट्टा त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही नव्हता. रिवा-रोच्चीने तो १८९६ साली बनवला. तरीही मूत्रपिंड आणि हृदय यांचा संबंध त्या चमच्याने दाखवून दिला होता, आणि पट्टा हाती आल्यावर आपण तो चमचा टाकून दिला.

तो चमचा मला परत हवा आहे. आज त्याची जागा कागदाच्या एका लहानशा पट्टीने घेतली आहे. ती मूत्रात बुडवली की रंग बदलून प्रथिन आहे की नाही ते सांगते, आणि तिला खर्च अगदी थोडा येतो. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजावा असे आता सगळे म्हणतात. पण ज्याचा दाब चढलेला सापडला त्याच्या मूत्राची तपासणी किती ठिकाणी होते? मूत्रपिंडे फार सोसतात आणि बोलत नाहीत. त्यांचा मोठा भाग निकामी होईपर्यंत माणसाला काही दुखत नाही, खुपत नाही, आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या तो वर्षानुवर्षे बिनदिक्कत घेत राहतो, ज्या या अवयवांचा रक्तपुरवठाच आखडतात. म्हणून वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की पुढच्या खेपेस दंडाला तो पट्टा बांधून घ्याल तेव्हा आकडा ऐकून उठू नका. डॉक्टरांकडे मूत्रातल्या प्रथिनाची तपासणीही मागून घ्या.